फाटकापर्यंत

काल शेजारच्या सूनबाई द्राक्षांची पेटी देऊन गेल्या. "काकू, आमच्याच मळ्यातली आहेत, पहिला तोडा," म्हणाल्या आणि छान हसल्या. मीही हसले. त्यांची पाठ वळताच मी वरचे घड उचलून खाली काय आहे ते बघितलं. खाली द्राक्षंच होती, आणि त्याखाली कागदाच्या पट्ट्या. आता मी निवृत्त बाई, माझ्याकडून कुणाला काय मिळणार आहे? पण हात आपोआप गेला. ही सवय आईची. आईला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी फेब्रुवारी सरत आला आणि गंगापूर रोडच्या कडेला द्राक्षांच्या हातगाड्या लागल्या की ती माझ्या बोटांत येऊन बसते.

या दिवसांत नाशिकची हवा मोठी लबाड असते. सकाळी शाल लागते, दुपारी पंखा. मळ्यांच्या बाजूने वारा आला की त्याला गंधकाच्या भुकटीचा वास असतो. शाळा-कॉलेजांत परीक्षा सुरू होतात, आणि परीक्षा म्हणजे दुसऱ्यावर संशय घेण्याचा अधिकृत हंगाम. बाकांमधून फिरायचं, बाह्या बघायच्या, घाबरलेला कोण आणि घाबरल्याचं सोंग करणारा कोण हे ओळखायचं. मला ते काम फार चांगलं जमायचं. प्राचार्य म्हणायचे, "बाई, तुमची नजर फार कडक." मी म्हणायचे, "घरचं वळण आहे." त्यांना वाटायचं, मी वडिलांच्या वकिलीबद्दल बोलते आहे.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते नांदगावच्या कोर्टात वकिली करायचे. रंगनाथ वकील म्हटलं की तालुक्यात पत्ता विचारावा लागत नसे. घराची पुढची खोली म्हणजे ऑफिस. ओसरीवर खेड्यांतून आलेले पक्षकार उकिडवे बसलेले असायचे. विडीचा वास, शाईचा वास, लांबून चालत आलेल्या पायांच्या धुळीचा वास. मधूनच स्टेशनातून गाडीची शिट्टी यायची आणि बोलणं तेवढ्यापुरतं थांबायचं. अंगणात बोरीचं झाड होतं, आणि अंगणाच्या टोकाला लाकडी फाटक.

अण्णांची एक रीत होती. काही पक्षकारांना ते खुर्चीतूनच "या" म्हणायचे. काहींना ओसरीपर्यंत सोडायचे. आणि काहींच्या मात्र खांद्यावर हात टाकून, अंगण ओलांडून, थेट फाटकापर्यंत जायचे. एकदा एक म्हातारा शेतकरी आला होता, भावकीच्या बांधाचा दावा होता. "साहेब, येवढं सांगा, बांध माझ्याकडं ऱ्हातो का नाय?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता. अण्णा म्हणाले, "बघू या. तारखेला या." मग उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि चालता चालता विचारू लागले, बैल कसे आहेत, विहिरीला पाणी किती, धाकटीचं लग्न जमलं का. म्हातारा अगदी हरखून गेला. फाटक अण्णांनी स्वतः उघडलं. "सावकाश जा," म्हणाले. परत येऊन खुर्चीत बसले आणि कारकुनाला म्हणाले, "गेला याचा दावा."

मी आईला विचारलं, अण्णा त्यालाच का सोडायला गेले? आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जिंकणाऱ्याला रस्ता आपोआप सापडतो. हरणाऱ्याला सोडायला जातात ते."

पुढे कधीतरी मी अण्णांनाही विचारलं. ते म्हणाले, "हरणाऱ्या माणसाला एकट्याने फाटक उघडायला लावू नये, बाळ." मला ते फार आवडलं होतं. आजही आवडतं. तेवढं एक वाक्य नसतं तर अण्णांवर संशय घेणं मला फार सोपं गेलं असतं.

वकिलीतून माणूस राजकारणात कसा जातो, ते मी घरात राहून पाहिलं. तो जात नाही, ओसरी त्याला घेऊन जाते. आधी एका गावचं भांडण मिटवलं, मग नगरपालिका, मग कुणीतरी म्हणालं, वकीलसाहेब, आता तुम्हीच उभे राहा. आणीबाणीबद्दल अण्णा सांगायचे, "मी तुरुंगात गेलो नाही, पण गप्पही बसलो नाही." आई आतून म्हणायची, "यातलं पहिलं खरं आहे." त्यानंतरच्या एका निवडणुकीत ते आमदार झाले. रंगनाथ वकिलांचे वकीलसाहेब झालेच होते, वकीलसाहेबांचे आमदारसाहेब झाले, आणि आम्ही नांदगावचं घर सोडून नाशिकला गंगापूर रोडवरच्या बंगल्यात आलो. तेव्हा हा रस्ता इतका भरलेला नव्हता. बंगल्यामागे कुंपणापलीकडे द्राक्षांचे मांडव होते.

बंगल्याला लोखंडी फाटक होतं. रीत तीच राहिली, फक्त तिला आता बघणारा माणूस आला. खैरनार नावाचे अण्णांचे सचिव व्हरांड्यात टेबल टाकून बसायचे. साहेब पाहुण्याला कुठपर्यंत सोडून मागे फिरतात, तेवढं ते बघायचे. उंबऱ्यातून निरोप दिला, तर खैरनार लगेच फोन फिरवायचे, कारण ते काम करायचं असायचं. फाटकापर्यंत सोडलं, तर फोनकडे हातसुद्धा न्यायचे नाहीत. एक शब्द बोलावा लागत नसे. आणि गंमत अशी की फाटकापर्यंत गेलेला माणूस खूश होऊन जायचा. आमदार माझ्याबरोबर चालत आले, पोराबाळांची चौकशी केली, हे तो गावभर सांगायचा. काम न झालेल्या लोकांची मतं अण्णांना जास्त पडत असावीत, असा माझा तेव्हापासूनचा अंदाज आहे.

आणि हंगाम आला की पेट्या. सकाळी दार उघडावं तर व्हरांड्यात द्राक्षांच्या पेट्या. कुणी आणून ठेवल्या, ते खैरनारांना ठाऊक, किंवा त्यांनाही नाही. आई प्रत्येक पेटी अंगणात नेऊन परातीत उलटी करायची. घड हातात घेऊन झटकायची. "द्राक्षं कुणी फुकट देत नाही. वेलीलासुद्धा मांडव घालावा लागतो," म्हणायची. एकदा खरोखरच खाली पैठणी निघाली. आईने ती घडीसुद्धा न मोडता खैरनारांच्या हाती परत पाठवली. "पोचती केली, वहिनी," खैरनार म्हणाले. आईचा त्यांच्यावरही विश्वास नव्हता. पुढच्या संक्रांतीला त्यांच्या बायकोच्या अंगावर काय आहे ते बघायला ती मुद्दाम हळदीकुंकवाला गेली. खैरनारवहिनी साध्या सुती साडीत होत्या. घरी येऊन आई म्हणाली, "हुशार आहे हो बाई."

मी हसायचे. तेव्हा मी एम. ए. करत होते, विषय राज्यशास्त्र. त्यातली बरीच प्रकरणं मला घरीच शिकायला मिळत होती.

शकुंतला पगारे माझ्या वर्गात होती. नाशिकरोडकडच्या एका वसाहतीत राहायची. वडील सरकारी कचेरीत कारकून. घरात बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली पुस्तकांची फळी. त्या फळीवरची पुस्तकं तिने खरोखर वाचलेली होती. आमच्या बंगल्यात पुस्तकं होती, पण ती सत्कारात मिळालेली. आम्ही दोघी डबा वाटून खायचो. तिच्या डब्यातली तिळाची चटणी मी निर्लज्जासारखी संपवायचे. एकदा कँटीनमध्ये मी तिला अण्णांच्या फाटकाची गोष्ट सांगितली, अगदी खैरनारांच्या नजरेच्या नकलेसकट. ती इतकी हसली की चहा नाकात गेला. "म्हणजे ज्याचा मान मोठा, त्याचं काम गेलं," ती डोळे पुसत म्हणाली. "तुझे अण्णा भारीच आहेत गं."

आम्ही दोघी पास झालो. ती माझ्यापेक्षा वरच्या क्रमांकाने. मग अशाच एका मार्च महिन्यात नाशिकच्या एका कॉलेजात आमच्या विषयाची जागा निघाली. जागा एकच. नोकरी जूनपासून, पण मुलाखती लगेच. आम्ही दोघींनी अर्ज केले आणि एकमेकींना सांगितलंही. तेव्हा त्यात लपवण्यासारखं काही आहे, असं आम्हाला वाटलं नव्हतं.

त्या आठवड्यात दोन माणसं आमच्याकडे आली.

पहिले शकुंतलाचे वडील. ती त्यांना दादा म्हणायची. ते तिला न सांगता आले होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात काही नाही. मी स्वयंपाकघरात होते, बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं. ते म्हणाले, "साहेब, मी शिफारस मागायला आलेलो नाही. तुमचीही मुलगी त्याच जागेसाठी आहे, हे मला माहीत आहे. एवढंच म्हणायला आलो की मुलाखत सरळ व्हावी. जिला मिळेल तिला मिळेल." अण्णा म्हणाले, "बघू या." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी खिडकीशी गेले. अण्णा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून निघाले होते. पायऱ्या उतरले. कचेरीतल्या कामाचं विचारत होते, धाकट्या मुलाच्या शाळेचं विचारत होते. फाटकापर्यंत गेले. फाटक स्वतः उघडलं.

माझ्या हातातली सांडशी खाली पडली, ती उचलायचंही मला सुचलं नाही. या माणसाने काही मागितलंच नव्हतं. मुलाखत सरळ व्हावी, एवढंच. मग नाही म्हणायचं ते कशाला?

दोन दिवसांनी त्या कॉलेजच्या संस्थेचे चेअरमन आले. बरोबर द्राक्षांची पेटी. मला बघून "काय ताई, तयारी झाली का?" म्हणाले. मग दार लोटून घेतलं, त्यामुळे आतलं काही ऐकू आलं नाही. बाहेर आले तेव्हा दोघेही हसत होते. आणि अण्णा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनाही फाटकापर्यंत सोडायला गेले. व्हरांड्यात खैरनार खाली मान घालून टाचणीने नखं कोरत बसले होते.

म्हणजे चेअरमननाही नाही. पण त्यांनी मागितलं काय होतं? माझ्या नोकरीच्या बदल्यात काही हवं होतं आणि अण्णांनी ते नाकारलं? की त्यांचं कामच दुसरं होतं, आणि माझं नावसुद्धा निघालं नव्हतं? मी आईला विचारलं. आई चेअरमनची पेटी परातीत उलटी करत होती. "फाटकापर्यंत नेलं की काम होत नाही, हे आता आपल्याला माहीत आहे, खैरनारला माहीत आहे, त्याच्या बायकोला माहीत आहे," ती म्हणाली. "इतक्या जणांना कळल्यावर तुझे अण्णा उलटं चालणार नाहीत कशावरून? वकील आहेत ते." मग एक घड उचलून उजेडात धरला. "खा. खाली काही नाही."

मुलाखतीच्या दिवशी आम्ही दोघी कॉलेजच्या आवारात गुलमोहराखाली उभ्या होतो. शकुंतलाने निळी साडी नेसली होती. ती म्हणाली, "गेल्या आठवड्यात दादा तुमच्याकडे येऊन गेले."

"हो," मी म्हटलं.

"घरी आले ते किती खुशीत. सगळ्या वसाहतीत सांगत होते, आमदार स्वतः फाटकापर्यंत सोडायला आले. खांद्यावर हात ठेवून." ती माझ्याकडे बघत होती. हसत नव्हती. "मी त्यांना काही सांगितलं नाही."

तेवढ्यात शिपायाने तिचं नाव पुकारलं. तिने पदर सारखा केला आणि आत गेली. तिला आत खूप वेळ लागला. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "पुष्कळ विचारलं. सगळ्याची उत्तरं दिली." मग मी गेले. टेबलावर बशीत द्राक्षं होती. चेअरमन म्हणाले, "घ्या ताई." एकाने पंचायत राज्याबद्दल विचारलं. दुसऱ्याने विचारलं, "साहेबांची तब्येत काय म्हणते?" दोन्ही प्रश्नांची उत्तरं मला येत होती.

नोकरी मला मिळाली. त्या दिवशी अण्णा जेवताना म्हणाले, "अभिनंदन. आता नीट शिकव." मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. कोर्टात वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून काही कळेल असं समजणं हा निव्वळ भाबडेपणा. ते शांतपणे ताकाची वाटी तोंडाला लावत होते.

मी नीट शिकवलं. अगदी जीव तोडून शिकवलं. रात्रंदिवस वाचायचे, टिपणं काढायचे, ज्यांना विषय समजत नाही त्यांना घरी बोलावून शिकवायचे. लोक म्हणायचे, किती तळमळ आहे बाईंना. तळमळ कसली, मी खटला लढत होते. जागा माझीच होती, हे मला सिद्ध करायचं होतं, आणि न्यायाधीश कुठे बसला आहे तेच माहीत नव्हतं. प्राचार्य माझ्यासाठी उठून उभे राहिले की मला राग यायचा. एखादी मुलगी म्हणाली, "बाई, तुमच्यासारखं कुणीच शिकवत नाही," की वाटायचं, हिच्या वडिलांची बदली अडलेली असणार. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. मी पाणीसुद्धा फुंकून पीत होते.

शकुंतला सुरगाण्याकडे एका शाळेत लागली. नाशिकला यायची ती जीपमध्ये कोंबून, केस धुळीने पांढरे झालेले. एकदा द्राक्षांच्याच दिवसांत रविवार कारंज्याजवळ भेटली. पिशवीतून नागलीचे पापड काढून माझ्या हातात दिले. मी ते घेतले आणि खाली काही आहे का ते बघितलं नाही. एवढी एकच व्यक्ती आहे जिच्याबाबत माझा हात कधी गेला नाही.

"दादा गेले गं," ती म्हणाली. "थंडीतच. शेवटपर्यंत ती एक गोष्ट सांगत होते. दवाखान्यात बाजूच्या खाटेवरच्याला सांगितली. आमदार माझ्याबरोबर चालत आले होते म्हणून."

मी विचारलं, "शकू, तुला काय वाटतं? त्या वेळी काय झालं असेल?"

"मला काय वाटायचंय?" तिचा आवाज चढला नाही, पण धार आली. "माझी पोरं लय गुणाची आहेत. डोंगर उतरून शाळेत येतात. मला तिथे कुणी विचारत नाही की साहेब कसे आहेत." मग म्हणाली, "तू तुझ्या अण्णांना कधी विचारलंस?"

"नाही."

"मग विचार. आणि मला सांगू नकोस. तुझं तू बघ."

विचारायला मला आणखी काही वर्षं लागली; तोवर माझं लग्न झालं होतं, दोन मुली झाल्या होत्या. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मधल्या काळात मंत्रिपदाच्या यादीत अण्णांचं नाव आहे, असं दर फेरबदलाला कुणीतरी सांगायचं. एकदा तर अभिनंदनाचे हार घरी आले. मंत्रिपद काही आलं नाही. ती बातमी सांगायला पक्षाचे एक मोठे नेते घरी येऊन गेले, आणि अण्णा त्यांना सोडायला उठले तर त्यांनीच अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. आई पडद्याआडून बघत होती. "शेरास सव्वाशेर," एवढंच म्हणाली. पुढच्या निवडणुकीत अण्णा पडले. खैरनार दुसऱ्या साहेबांकडे गेले. त्या हंगामात व्हरांड्यात एकही पेटी आली नाही. आईने हातगाडीवरून पाव किलो द्राक्षं आणली, परातीत उलटी केली, सवयीने झटकली, आणि मग एकटीच हसत बसली.

मी माहेरी गेले तेव्हा अण्णा व्हरांड्यात आरामखुर्चीत बसले होते. गुडघे धरले होते, पायऱ्या उतरणं त्यांनी सोडूनच दिलं होतं. मागचे मांडव जाऊन तिथे इमारतींचे पाये खणले जात होते. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग मी म्हटलं, "अण्णा, माझ्या नोकरीसाठी तुम्ही चेअरमनना शब्द टाकला होता का?"

ते दचकले नाहीत. जणू तारखेची वाटच बघत होते.

"पुरावा काय?" त्यांनी विचारलं.

"पुरावा नाही. दोन माणसांना तुम्ही फाटकापर्यंत सोडलंत, ते मी पाहिलं. पगाऱ्यांना नाही म्हणालात, ते मला कळलं. चेअरमनना काय म्हणालात?"

"चेअरमनचं काम काय होतं, तुला माहीत आहे?"

"नाही."

"मग?"

"ते तुम्ही सांगा. मला एवढंच हवंय, अण्णा. हो असेल तर हो सांगा. मी रागावणार नाही. नाही असेल तर नाही सांगा. मी विश्वास ठेवीन." हे शेवटचं खरं होतं की नाही, ते मलाही माहीत नव्हतं, पण त्या क्षणी मला अगदी मनापासून विश्वास ठेवायचा होता.

त्यांनी फाटकाकडे बघितलं. मग म्हणाले, "तू चांगली शिकवतेस. लोक सांगतात मला."

"मी ते विचारलं नाही."

"बघू या," अण्णा म्हणाले.

आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ते उठले. मी म्हटलं, "बसा, अण्णा, मी जाते." त्यांनी ऐकलं नाही. पायाने चपला चाचपून घातल्या. कठडा धरून एकेक पायरी उतरले. खाली आल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही चालू लागलो. जावई कसे आहेत, त्यांनी विचारलं. धाकटीचा खोकला गेला का, विचारलं. घरी पाणी किती वेळ येतं, विचारलं. मी उत्तरं देत होते. त्यांच्या आवाजात काही फरक नव्हता. फाटक गंजलं होतं, कडी निघेना. मी हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला आणि दोन्ही हातांनी ओढून कडी स्वतः काढली.

"सावकाश जा," म्हणाले.

मी रस्त्यावर आले. खांद्यावर त्यांचा हात अजून असल्यासारखं वाटत होतं, जड आणि उबदार. उत्तर मला मिळालं नव्हतं, आणि आता ते कधीच मिळणार नाही, हे त्या घरात वाढलेल्या मुलीला कुणी सांगायची गरज नव्हती. मला शकुंतलाचे दादा आठवले. त्या दिवशी या फाटकातून बाहेर पडताना त्यांना किती बरं वाटलं असेल, ते मला कळलं. कारण सगळं माहीत असूनही मला बरं वाटत होतं.